वलंदेजांची बटाव्हिया नगरी

वेंगुर्ल्यास गेलेल्या आमच्या वाचकांपैकीं कांहींनीं तेथील डच वखारीची पडकी इमारत पाहिली असेल. आपल्या जुन्या कागदपत्रांत ज्यांस ‘वलंदेज’ म्हटलें आहे त्या हॉलंडच्या व्यापाऱ्यांनीं सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें आपलें ठाणें घातलें. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या आरमारास दाणापाणी येथून पुरविलें जाई. आणि पुढें शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांच्या बातम्या येथले वखारवाले आपल्या वरिष्ठांस मोठ्या तत्परतेनें लिहून कळवीत. त्या पत्रांचा आमच्या इतिहाससंशोधकांस बराच उपयोग झाला आहे. परंतु हीं पत्रें ज्या ठिकाणीं जात, जेथें तीं वाचलीं जात व दप्तरांत नोंदलीं जात, त्या ठिकाणाची माहिती आपल्याकडे फारशी कोणास नसते. तें ठिकाण हॉलंडांत नव्हतें. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, आज ज्यास जकार्ता म्हणतात तेथें, या वलंदेजांनीं एक नगरी वसविली होती व तिचें नांव बटाव्हिया असें ठेविलें होतें. केप ऑफ गुड होपपासून जपानपर्यंतच्या त्यांच्या साऱ्या वखारी या एका शहराच्या हुकुमांत वागत.

राजांनीं वसविलेलीं शहरें आपण पुष्कळ पाहतों. तीर्थाच्या आधारानें वाढलेलींही पाहतों. बटाव्हिया मात्र एका व्यापारी कंपनीनें वसविली, आणि व्यापारी जशी वही मांडतो तशीच ती मांडली. प्रत्येक जातीचें खातें निराळें, प्रत्येक खात्यावर एक मुखत्यार, आणि जमाखर्च पाहणारा एकटा मालक. दुरून पाहणारास ही व्यवस्था मोठी सुबक वाटते. त्या काळच्या प्रवाशांनीं ‘पूर्वेची राणी’ म्हणून या शहराची वाखाणणी केली ती उगीच नव्हे. परंतु या सुबक मांडणीच्या पोटांत काय होतें, तें १७४० सालच्या ऑक्टोबरांत दिसून आलें. त्याची हकीकत आम्ही पुढें सांगणारच आहों. तत्पूर्वीं शहर कसें उभें राहिलें तें पाहिलें पाहिजे.

चिलिवुंग नदी जेथें समुद्रास मिळते तेथें पूर्वीं एक लहानसें बंदर होतें. त्याचें नांव जयकर्त. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस या नांवाचा अर्थ सांगावयास नको. इस्लामी अमदानींत, सोळाव्या शतकांत, मिळविलेल्या एका विजयाच्या स्मरणार्थ हें नांव पडलें. तथापि विजयाचें नांव ठेवावयाचें तर शब्द संस्कृतांतलाच घ्यावयाचा, इतका त्या भाषेचा संस्कार जावांत खोल रुजला होता. हॉलंडांत १६०२ सालीं ‘संयुक्त ईस्ट इंडिया कंपनी’ स्थापन झाली. मसाल्याचा व्यापार हातीं ठेवण्यासाठीं पूर्वेकडे कायमचें एक ठाणें असावें असें तिच्या अधिकाऱ्यांस वाटूं लागलें, आणि यान पीटरझून कोएन या गव्हर्नर-जनरलनें १६१९ च्या मे महिन्यांत जयकर्त जिंकून, जाळून, त्याच्या राखेवर आपलें शहर उभारण्यास आरंभ केला. आपल्या जन्मगांवावरून ‘नवें होर्न’ असें नांव द्यावें अशी त्याची इच्छा होती. परंतु हॉलंडांतील संचालकांनीं ती मानली नाहीं. डच लोक आपले पूर्वज म्हणून ज्या प्राचीन बटावी टोळीचा अभिमान बाळगीत तिच्यावरून शहराचें नांव बटाव्हिया ठरलें. कोएन हा कर्तबगार खरा, पण अत्यंत निष्ठुर मनुष्य होता. जायफळासाठीं बांडा बेटांतील वस्ती त्यानें १६२१ सालीं जवळजवळ निर्मूळ केली. त्याच्या हातून वसलेल्या शहरांत दयेचा अंश किती असणार याचा अंदाज वाचकांनीं करावा.

डच लोकांस पाण्याचें भय नव्हतें. उलट पाण्यावांचून शहर कसें असतें हेंच त्यांस ठाऊक नव्हतें. त्यांनीं नदीचें पात्र सरळ केलें, काटकोनांत कालवे खोदले, कालव्यांच्या दोन्ही तीरांवर झाडें लाविलीं व ॲम्स्टरडॅमच्या धर्तीचीं अरुंद, उंच घरें एकमेकांस चिकटवून बांधिलीं. समुद्राच्या बाजूस किल्ला, शहराभोंवतीं तट, तटाभोंवतीं खंदक. उष्ण कटिबंधांत, दलदलीच्या जमिनीवर, वारा कोंडणारीं असलीं घरें बांधणें हें शहाणपणाचें होतें काय, हा प्रश्न त्या वेळीं कोणास सुचला नाहीं. त्याचें उत्तर पुढें शंभर वर्षांनीं मिळालें. मातारामच्या सुलतान आगुंगानें १६२८ व १६२९ अशीं दोन वर्षें शहरास वेढा घातला. दोन्ही वेळां तो परत गेला. दुसरा वेढा चालू असतांना कोएन आजारी पडून किल्ल्यांतच मरण पावला. या वेढ्यांचा एक परिणाम मात्र कायम राहिला. ज्या जावा बेटावर शहर वसलें होतें त्या बेटाच्या मूळच्या रहिवाशांस, जावानी लोकांस, तटाच्या आंत वस्ती करण्याची मनाई झाली. घर ज्याच्या जमिनीवर बांधिलें त्यालाच उंबरठ्याबाहेर उभें करावें, असा हा प्रकार होता.

मग शहर चालवावयाचें कोणाच्या बळावर? हॉलंडांतून येत ते खलाशी, शिपाई व कारकून. त्यांतले सुतारकाम, गवंडीकाम, शेती, मासेमारी करणारे थोडे. कोएनची दृष्टि पहिल्यापासूनच चिनी लोकांवर होती. हे लोक उद्योगी, काटकसरी, शिवाय शस्त्र हातीं न धरणारे, असें त्याचें मत. जवळच्या बांतम बंदरांतले चिनी त्यानें फुसलावून आणविले, आणि तेवढ्यानें भागेना तेव्हां चीनच्या किनाऱ्यावरून माणसें पकडून आणण्याचीही खटपट केली. शहर वसलें त्याच वर्षीं, म्हणजे १६१९ सालीं, सौ बेंग कोंग या व्यापाऱ्यास चिन्यांचा ‘कप्तान’ नेमण्यांत आलें. आपल्या लोकांचे लहानसहान तंटे त्यानें तोडावे व कंपनीचा हुकूम त्यांस कळवावा, असें त्याचें काम. चिन्यांस तटावर पहारा करावा लागत नसे. त्याबद्दल प्रत्येक पुरुषास दरमहा डोईपट्टी द्यावी लागे. कंपनीच्या उत्पन्नांत या पट्टीची बाब मोठी होती. कालवे खोदणारा चिनी, विटा भाजणारा चिनी, भाजीचे मळे करणारा चिनी, दारू गाळणारा चिनी, आणि दरवर्षीं चीनहून मोठालीं जहाजें भरून रेशीम, चहा व चिनी मातीचीं भांडीं आणणाराही चिनीच. हॉलंडच्या झेंड्याखालीं बटाव्हिया ही अर्धीअधिक चिनी नगरी होती, असें एका अलीकडच्या डच इतिहासकाराचें मत आहे, व तें आम्हांस पटतें.

पण संख्येनें पाहतां शहरांत सर्वांहून अधिक कोण होते? १६७३ सालच्या खानेसुमारीचे आंकडे उपलब्ध आहेत, आणि ते आम्ही मुद्दाम देतों. एकंदर वस्ती २७,०६८. त्यांत डच २,०२४, मिश्र रक्ताचे ७२६, चिनी २,७४७, ‘मर्दैकर’ ५,३६२, मुसलमान व्यापारी व जावानी मिळून १,३३९, बाली बेटाचे ९८१, मलायी ६११, आणि गुलाम १३,२७८. म्हणजे रस्त्यांत भेटणाऱ्या दर दोन माणसांपैकीं एक विकत घेतलेला! या गुलामांपैकीं आरंभीच्या काळांत पुष्कळसे हिंदुस्थानांतून नेलेले होते. बंगाल, आराकान, कोरोमांडलचा किनारा, मलबार. जेथें दुष्काळ पडे किंवा लढाई होई तेथें कंपनीचे दलाल हजर असत. कोरोमांडलावर दुष्काळ पडला म्हणजे आईबाप पोटासाठीं आपलीं पोरें विकीत, व त्या वर्षीं बटाव्हियाच्या बाजारांत तामीळ मुलें स्वस्त होत. हें वाचून आपल्या लोकांस डच व्यापाऱ्यांचा संताप येईल तो योग्यच आहे. पण पेशवाईंत आपल्याच शहरांतून कुणबिणींची खरेदीविक्री होत असे व तिच्या नोंदी दप्तरांत आहेत, हेंही त्याच वेळीं आठवलें तर बरें.

‘मर्दैकर’ हा शब्द वाचकांस अनोळखी वाटेल. मूळ शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’, म्हणजे मोठ्या ऋद्धीचा, प्रतिष्ठित. मलायी भाषेंत त्याचा ‘मर्देका’ झाला व अर्थ झाला करांतून मोकळा, स्वतंत्र. (१९४५ सालीं इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची जी घोषणा घरोघर दुमदुमली ती हीच.) बटाव्हियांत गुलामगिरींतून सुटलेल्या ख्रिस्ती लोकांस हें नांव पडलें. हे बहुतेक हिंदी किनाऱ्यांवरचे, पोर्तुगीजांच्या पदरीं बाटलेले, पोर्तुगीज नांवें धारण करणारे व एक प्रकारची मोडकी पोर्तुगीज बोलणारे लोक होते. मौज अशी कीं, ज्या पोर्तुगीजांना डचांनीं समुद्रावरून हुसकून लाविलें त्यांचीच भाषा डचांच्या राजधानींत घरोघर चालली. मोलकरीण पोर्तुगीज बोले, तिच्या हातचें दूध पिणारें डच मूल तीच भाषा प्रथम शिके. सरकारनें हुकूम काढून पाहिले. १६४१ सालीं असा नियम झाला कीं, ज्या गुलामास डच भाषा चांगली येते त्यानेंच डोक्यावर हॅट घालावी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत युरोपियन व्यापाऱ्यांस ‘टोपीकर’ म्हटलें आहे. बटाव्हियांत ती टोपी ही खरोखरच जातीची खूण होऊन बसली होती, हें यावरून दिसेल. पण टोपीच्या आमिषानें भाषा काय शिकणार? शेवटीं कंपनीनेंच हार खाल्ली व या लोकांसाठीं पोर्तुगीज भाषेंत उपासना होणारें एक देऊळ तटाबाहेर १६९५ सालीं बांधून पुरें केलें. तें अजून उभें आहे.

आतां घराच्या आंत डोकावूं. आमच्या भगिनीवाचकांस ही बाजू विशेष वाटेल. आरंभीं कंपनीनें हॉलंडांतून कांहीं कुलीन व कांहीं अनाथ मुली पाठवून पाहिल्या. पण खर्च फार व निष्पत्ति थोडी असें पाहून तो उपक्रम सोडून दिला. शिपायांनीं व कारकुनांनीं येथल्याच बाप्तिस्मा घेतलेल्या स्त्रियांशीं लग्नें करावीं असें ठरलें. अशा पुरुषास पत्नीसह मायदेशीं परत जातां येत नसे. म्हणून बटाव्हियांतील घर हें बायकोचें घर झालें. नवरे बदलत. साहेब आज आला, पांच वर्षांनीं तापानें गेला. विधवेनें त्याची मालमत्ता घेऊन दुसऱ्याशीं लग्न केलें. मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या संसाराचीं सूत्रें अशा मिश्र वंशाच्या स्त्रियांच्या हातीं असत. त्या जमिनीवर बैठक घालून बसत, पान खात, कपाळीं तेल घालून केस विंचरीत व डच पाहुण्याशीं बोलतांना अवघडून जात. त्यांस युरोपियन प्रवाशांनीं आळशी, अडाणी, गर्विष्ठ म्हणून नांवें ठेविलीं आहेत. आम्हांस तो दोष त्यांचा वाटत नाहीं. ज्यांनीं त्यांस शिक्षण दिलें नाहीं, वडिलांच्या देशीं पाऊल ठेवूं दिलें नाहीं, आणि हाताखालीं मात्र पन्नास गुलाम दिले, त्यांचा तो दोष.

या घरांतील एका मुलीची हकीकत येथें सांगितली पाहिजे. सारा स्पेक्स ही कंपनीच्या एका थोर अधिकाऱ्याची जपानी स्त्रीपासून झालेली मुलगी. बाप हॉलंडास गेला तेव्हां ती कोएनच्या घरीं, त्याच्या पत्नीच्या सोबतीस, राहिली होती. १६२९ सालीं, ती अवघ्या बारा वर्षांची असतांना, पंधरासोळा वर्षांच्या एका तरुण शिपायाशीं तिचें प्रेम जुळलें व दोघें कोएनच्या राहत्या घरांतच सांपडलीं. आपल्या छपराखालीं हा प्रकार घडावा, याचा कोएनला इतका राग आला कीं त्यानें दोघांवरही खटला भरला. मुलाचा शिरच्छेद झाला. त्या पोरीस सर्वांदेखत फटके मारण्यांत आले. तीन महिन्यांनीं कोएन मेला, आणि तो मेल्यावर थोड्याच दिवसांत नवा अधिकारी म्हणून शहरांत उतरला तो तिचाच बाप! त्यास बंदरावर काय सांगितलें गेलें असेल, याची कल्पनाच केलेली बरी. पुढें साराचें लग्न एका धर्मोपदेशकाशीं झालें. ती फोर्मोसा बेटास गेली व विशीच्या आसपासच वारली.

प्रतिष्ठेची हौस या शहरास इतकी होती कीं, १७५४ सालीं गव्हर्नर-जनरल मोसेल यास ‘डामडौलास आळा घालण्याचे’ सविस्तर नियम करावे लागले. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या गाडीस सोनेरी मुलामा असावा, किती घोडे जोडावे, कोणाच्या बायकोनें कोणते दागिने घालावे, देवळांत जातांना तिच्यामागें किती दासी चालाव्या, सारें कलमवार ठरवून दिलें. छत्री हा मोठाच मानाचा विषय. आपल्याकडे अब्दागिरीचा मान जसा सरदारासच, तसाच तेथें मोठ्या छत्रीचा. दासीच्या हातीं पानाचा डबा, दुसरीच्या हातीं प्रार्थनेचें पुस्तक, तिसरी छत्री धरून, अशी बाईसाहेबांची स्वारी रविवारीं निघे. ज्या शहरांत माणसाचें मूल्य रोज बाजारांत ठरत होतें तेथें आपलें मूल्य रस्त्यांत दाखविण्याची धडपड प्रत्येकास पडावी, हें स्वाभाविकच होतें.

भय मात्र सर्वांच्या मनांत होतें. १७२१ सालच्या अखेरीस पीटर एर्बरफेल्ट या संपन्न गृहस्थास पकडण्यांत आलें. त्याचा बाप जर्मन, आई सयामी. जावानी साथीदारांसह साऱ्या ख्रिस्ती लोकांची कत्तल करण्याचा बेत त्यानें केला असा आरोप होता. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले व त्यास भयंकर रीतीनें ठार मारण्यांत आलें. त्याचें घर पाडून, भिंतीवर त्याचें मस्तक लावून, या जागीं कोणीं कधीं घर बांधूं नये, झाड लावूं नये, असा शिलालेख बसविला गेला. कट खरोखर होता कीं नव्हता याविषयीं इतिहासकारांस आजही शंका आहे. त्याची जमीन मात्र सरकारांत गेली.

याच सुमारास शहराबाहेर एक नवें जग वाढत होतें. १६८४ सालीं बांतमशीं तह झाल्यावर तटाबाहेरचा मुलूख निर्भय झाला, आणि चिनी सावकारांनीं तेथें उसाचे मळे लाविले. रेड्यांनीं फिरवावयाचे चरक, शेजारीं रस आटविण्याच्या कढया. आपल्याकडचें गुऱ्हाळच, पण मोठ्या प्रमाणावरचें. १७१० सालीं असे सुमारें १३० चरक चालत व त्यांचे मालक बहुतेक सारे चिनी होते. साखर सुरतेस जाई, इराणास जाई, हॉलंडास जाई. मजूर चीनहून जहाजांच्या तळांत भरून येत. परवाने नसले तरी कोणी फारसें विचारीत नसे. परंतु कढयांखालीं जाळावयास लांकूड लागे. पांचपंचवीस वर्षांत भोंवतालचीं रानें उघडीं झालीं, पावसाबरोबर माती वाहून नदींत आली व ते सुंदर कालवे गाळानें भरले. इकडे समुद्रकांठीं मासे पाळण्यासाठीं खाऱ्या पाण्याचीं तळीं खोदलीं गेलीं. त्यांत डांस झाले. १७३३ पासून शहरांत हिंवतापानें असा कहर मांडिला कीं, हॉलंडांतून नव्यानें आलेल्या माणसांपैकीं सुमारें निम्मीं वर्षाच्या आंत मरत. पूर्वेच्या राणीस लोक गोऱ्यांचें स्मशान म्हणूं लागले. १७७० सालीं कॅप्टन कुक सारी पृथ्वी घालून, खलाशी धडधाकट राखून, येथें आला. जहाज दुरुस्त होऊन निघेपर्यंत त्याचीं माणसें मरूं लागलीं, व पुढच्या वाटेवर तर रोज एकाला समुद्रांत सोडावें लागे अशी अवस्था झाली.

मृत्यु दारांत बसलेला, आणि त्यांतच साखरेची मंदी आली. इराणांत राज्यक्रांति झाली, सुरतेचें गिऱ्हाईक मंदावलें, युरोपांत वेस्ट इंडीजची साखर स्वस्त मिळूं लागली. कंपनीनें भाव पाडला. चरक बंद पडले, आणि शेंकडों चिनी मजूर कामावांचून रानांत भटकूं लागले. पोट रिकामें, तेव्हां कोणी चोऱ्या करूं लागले, कोणी टोळ्या जमविल्या. या वेळीं शहरांत व उपनगरांत मिळून चिन्यांची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास होती. परवाना नसलेल्यांस पकडण्याचे हुकूम सुटले. हुकूम बजावणारे शिपाई परवाना असलेल्यांसही पकडीत व पैसे उकळून सोडीत, हें कोणाही वाचकास सांगावें लागणार नाहीं. १७४० च्या जुलै महिन्यांत गव्हर्नर-जनरल व्हाल्केनीर याच्या कौन्सिलानें ठरविलें कीं, संशयित चिनी, मग परवाना असो वा नसो, धरून लंकेस दालचिनी सोलण्याच्या कामावर धाडावे. लगेच रानांत बातमी पसरली कीं, लंकेचें नुसतें निमित्त आहे. जहाज दृष्टीआड झालें म्हणजे सर्वांस समुद्रांत लोटतात. बातमी खोटी होती. पण ज्यांनीं ती खरी मानली त्यांस दोष देणें कठीण आहे. तशी ती खरी वाटावी असें वर्तन कंपनीनें वर्षानुवर्षें केलें होतें.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत रानांतले मजूर उठले. त्यांनीं बाहेरचीं कांहीं ठाणीं मारलीं व ८ तारखेच्या रात्रीं ते तटावर चालून आले. तो हल्ला मोडला. तटाच्या आंतले चिनी, म्हणजे दुकानदार, सुतार, शिंपी, यांनीं हालचाल केली नव्हती. त्यांस घरांतून बाहेर पडण्याची मनाई झाली, दिवे लावण्याची मनाई झाली, आणि स्वयंपाकघरांतील लहानांतली लहान सुरीसुद्धां सरकारांत जमा करविण्यांत आली. तिकडे इतर वस्तींत वेगळीच कंडी पिकली होती: चिनी आपल्यास मारणार, आपल्या बायका नेणार, मुलांस गुलाम करणार. ९ ऑक्टोबरच्या सकाळीं एका चिन्याच्या घरास आग लागली. तेवढें पुरलें. शिपाई, खलाशी, कारागीर, बाली बेटाचे लोक, गुलाम, जे हातीं लागलें तें घेऊन धांवले. तीन दिवस शहर जळत होतें. सहाशेंवर घरें लुटलीं व जाळलीं गेलीं. दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांतील आजारी व तुरुंगांतील कैदी, ज्यांनीं कोणास मारण्याची गोष्टच नव्हती, तेही बाहेर ओढून मारले. एकंदर मृतांची संख्या दहा हजारांच्या आसपास धरतात. कालव्यांचें पाणी लाल झालें होतें म्हणून त्या ठिकाणास अजून ‘तांबडी नदी’ असें नांव आहे, असें तेथले लोक सांगतात. नांवाची व्युत्पत्ति कशीही असो.

या सर्व वृत्तांतांत एक लहानशी साक्ष आहे, ती आम्हांस विसरतां येत नाहीं. श्वार्ट्स नांवाचा एक जर्मन मनुष्य त्या वेळीं कंपनीच्या नोकरींत तेथें होता. पुढें मायदेशीं परतल्यावर त्यानें आपली हकीकत छापली. शेजारच्या चिन्याकडे एक लठ्ठ डुक्कर होतें. दंगलींत तें आपण घरीं न्यावें असें याच्या मनांत आलें. तें पाहून त्याच्या वरच्या मिस्त्रीनें त्याच्या थोबाडींत मारली व सांगितलें, आधीं चिन्यास मार, मग लूट. तेव्हां यानें भात कांडण्याचें मुसळ उचललें व त्या शेजाऱ्यास ठार केलें. हा तो शेजारी, ज्याच्या घरीं आपण वारंवार जेवलों होतों, त्याच्याबरोबर प्यालों होतों, असें तो स्वतःच लिहितो. त्या मनुष्यास चिन्यांचा द्वेष होता असें त्याच्या लिहिण्यांत कोठें दिसत नाहीं. शेजाऱ्याच्या ताटावर तो जेवत होता. पण शेजाऱ्याचें खातें निराळें आहे, हें त्याला शहरानें रोज शिकविलें होतें. पेठ निराळी, कप्तान निराळा, पट्टी निराळी, पोशाख निराळा. तें खातें एके दिवशीं वरून हुकूम येऊन बंद झालें, इतकेंच त्याच्या लेखीं घडलें.

वाचलेले चिनी पूर्वेकडे पळाले व जावानी सरदारांस मिळाले. त्यांतून सबंध मध्य जावांत युद्ध पेटलें तें १७४३ पर्यंत चाललें. त्याच्या अखेरीस बेटाचा उत्तर किनारा कंपनीच्या घशांत गेला. व्हाल्केनीर व त्याचा कौन्सिलांतला प्रतिस्पर्धी व्हान इम्होफ यांनीं एकमेकांवर दोष ढकलला. व्हाल्केनीरनें प्रतिस्पर्ध्यास कैद करून हॉलंडास पाठविलें. हॉलंडांत संचालकांनीं त्यालाच गव्हर्नर-जनरल नेमिलें! स्वतः व्हाल्केनीर परत जात असतां केपला पकडला गेला, त्यास बटाव्हियास आणून किल्ल्यांत ठेविलें, आणि खटल्याचा निकाल न लागतांच तो १७५१ सालीं तेथेंच मेला. चिनी कप्तान नी हू कोंग यालाही सोडलें नाहीं. आपल्या लोकांस आवरलें नाहीं म्हणून त्यास आंबोन बेटावर हद्दपार केलें. चीनच्या दरबारानें मात्र, परदेशीं जाऊन राहिलेल्या प्रजेबद्दल व्यापार कशाला बंद करावा, असा विचार करून गप्प राहणें पसंत केलें.

इकडे शहरांत भाजी मिळेना. सुतार मिळेना, शिंपी मिळेना, साखर काढणारा मिळेना, आणि डोईपट्टीची बाब कोरी पडली. कत्तलीस दोन महिनेही झाले नव्हते, तों कौन्सिलानें अभयाचा हुकूम काढून उरलेल्या चिन्यांस परत बोलाविलें. पण तटाच्या आंत नव्हे. दक्षिणेच्या वेशीबाहेर, तोफांच्या माऱ्यांत राहील अशी एक जागा त्यांस नेमून दिली. तिचें नांव ग्लोडोक. चीनची जहाजें पुन्हा येऊं लागलीं, आणि चिनी पुन्हा आले.

कंपनीचें दिवाळें वाजून १७९९ च्या अखेरीस ती बुडाली. १८०८ सालीं आलेल्या डॅन्डेल्स या गव्हर्नर-जनरलनें त्या रोगट शहरास कंटाळून तट व किल्ला पाडविला व त्याच दगडांनीं दक्षिणेस उंचवट्यावर नवी वस्ती बांधण्यास घेतली. गुलामगिरी १८६० सालीं कायद्यानें बंद झाली. १९४२ सालीं जपान्यांनीं बटाव्हिया हें नांव पुसून जकार्ता केलें. जाळलेल्या जयकर्ताचें नांव तीनशें तेवीस वर्षांनीं परत आलें. जुन्या नगरपालिकेची १७१० सालीं पुरी झालेली इमारत आज इतिहासाचें संग्रहालय आहे, आणि तिच्यासमोरच्या ज्या चौकांत फाशा दिल्या जात तेथें संध्याकाळीं मुलें भाड्याच्या सायकली फिरवितात.

ग्लोडोकही आहे. १९९८ च्या मे महिन्यांत, देशांत पैशाची कोसळ झाली असतां, तेथें पुन्हा दुकानें लुटलीं व जाळलीं गेलीं. दोन वर्षांनीं अध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनीं चिनी सण उघडपणें साजरे करण्यावरची १९६७ पासूनची बंदी उठविली. आतां नव्या वर्षाच्या दिवशीं तेथल्या देवळासमोर लाल कंदील लागतात व गल्लींतल्या दुकानांतून पहाटेपासून गिऱ्हाइकांची रीघ लागते.